नानांच्या डब्याचं कुलूप

२०१९ सालचा मे महिना. उल्हासनगर कॅम्प २ मधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. पलीकडच्या खाटेवर अम्मी उठून बसली होती. डाव्या हाताच्या चिमटीत तिने काहीतरी धरलं होतं आणि उजव्या हाताने ती त्यात दोरा ओवत होती. हातात ना सुई होती, ना दोरा. ओवून झालं की चादरीवर एक टाका घालायची, दोरा दाताने तोडायची आणि पुन्हा नव्याने ओवायला घ्यायची. मी हाक मारली, तर म्हणाली, "सकाळी शेठचा माणूस येईल. शंभर शर्टांची काजं राहिलीत."

काज-बटणाचं काम सोडून तिला पंचवीस वर्षं झाली होती. एके काळी कापडबाजारातल्या सिंधी शेठकडून शर्टांचे गठ्ठे घरी यायचे आणि अम्मी कंदिलाच्या उजेडातसुद्धा ते पुरे करायची. त्याच कमाईवर मी चांदीबाई कॉलेजातून बी. ए. झालो. म्हणून त्या रात्री मला वाटलं, म्हातारपणात अम्मी आपल्या तरुणपणात परत गेली आहे. मी कवी माणूस. दुसऱ्या दिवशी त्यावर कविता लिहिली. दोन-तीन मित्रांना वाचून दाखवली, त्यांचे डोळे पाणावले. ती कविता मी पुढे फाडून टाकली. का फाडली ते सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी एका झुडपाची गोष्ट सांगायला हवी.

ते झुडूप तुम्ही पाहिलेलं आहे. रेल्वेरुळांच्या कडेला, उकिरड्यावर, पडीक जागेत ते आपोआप उगवतं. कर्ण्यासारखं पांढरं किंवा जांभळं फूल, काटेरी गोल फळ. धोतरा. आमच्या शेजारच्या अंबरनाथला वालधुनीच्या काठी जे प्राचीन शिवमंदिर आहे, त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. लहानपणी आम्ही कॅम्पातली पोरं जायचो, तेव्हा बेलाच्या पानांबरोबर धोतऱ्याची फळं विकायला बसलेल्या बायका दिसायच्या. जे विष देवाने पचवलं, ते त्यालाच वाहायचं, माणसाने खायचं नाही, एवढं शहाणपण त्या जत्रेतल्या पोराटोरांनाही होतं.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, जुन्नरला काष्ठौषधींचं छोटं दुकान चालवायचे. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध उघड्या बरण्यांत असायचं. एक पत्र्याचा डबा मात्र कुलूपबंद. त्यात कुचला, धोतऱ्याचं बी आणि खुरासानी ओवा. खुरासानी ओव्याला नाना 'बजरुल बंज' म्हणायचे. युनानी वैद्यकातलं ते जुनं नाव. डब्याची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. कोणी दम्यासाठी धोतरा मागायला आला की नाना आधी त्यालाच विचारायचे, "वय काय? लघवीला त्रास? नजर कशी? आणखी कोणाचं औषध चालू आहे?" उत्तरं पटली नाहीत, तर डबा उघडायचे नाहीत. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच भाव खातो.

आयुर्वेदाने धोतऱ्याला उपविषांत गणलं. बी दुधात शिजवून शुद्ध केल्याशिवाय वापरायचं नाही, असा दंडक. दम्या-खोकल्यासाठी कनकासव आजही मिळतं. त्यातलं 'कनक' म्हणजे धोतरा. संस्कृतात कनक म्हणजे सोनं आणि कनक म्हणजे धोतराही. दोन्ही माणसाला वेड लावतात, या श्लेषावर कवींनी शतकानुशतकं हात साफ करून घेतला आहे.

या वेडाची लेखी नोंद आपल्याच किनाऱ्यावर झाली. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचं जाणं-येणं, औषधपाणी असे. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानी वनस्पतींची माहिती संवादरूपाने आहे. त्यात एका घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारला आणि दागिने घेऊन पोबारा केला, अशी हकिगत येते. धोतरा पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो, विचारलेल्याला धड उत्तर देत नाही आणि कोणी डोळ्यांदेखत वस्तू नेल्या तरी अडवत नाही, हे ओर्ताने नेमकं टिपलं आहे.

पुढे इंग्रजी अमलात हे विष रस्त्यावर आलं. धर्मशाळेत, बैलगाडीत, मग रेल्वेच्या डब्यात सोबतीचा गोड बोलणारा प्रवासी पेढा किंवा चपाती द्यायचा. वाटसरू शुद्धीवर येईपर्यंत गाठोडं गेलेलं असायचं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोतऱ्याला 'रस्त्यावरचं विष' असंच नाव पडलं. मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक आय. बी. लायन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आवृत्त्या पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखंच दिसतं, म्हणून दोन्हींतला फरक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून घोटून घेतला जाई. संशय आला, तर आणखी एक परीक्षा होती. रोग्याच्या उलटीतून किंवा लघवीतून काढलेल्या अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात घालायचा. बाहुली मोठी झाली, की धोतऱ्याच्या जातीचं विष आहे असं समजायचं.

त्या काळच्या डॉक्टरांनी लक्षणांची जी यादी केली, ती नीट ऐका. तोंड कोरडं पडतं, जीभ टाळ्याला चिकटते. चेहरा लाल होतो. अंग तापतं, पण घाम येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं दिसेनासं होतं. नाडी धावते. लघवी तुंबते, पोट साफ होत नाही. माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू पाहतो आणि हवेतून, अंथरुणावरून काहीतरी वेचत राहतो. कोणी दोरे ओढतो, कोणी सुई ओवतो. होय मित्रहो, सुई ओवतो. हे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

युरोपात धोतऱ्याची एक चुलत बहीण आहे, बेलाडोना. इटालियन भाषेत अर्थ 'सुंदर स्त्री'. तिथल्या बायका बाहुल्या टपोऱ्या दिसाव्यात म्हणून तिचा रस डोळ्यात घालायच्या, असं सांगतात. शास्त्रीय नाव देताना लिनियसने मात्र तिला 'अॅट्रोपा' म्हटलं. अॅट्रोपॉस ही ग्रीक पुराणातली आयुष्याचा धागा कापणारी देवी. एकाच झुडपाच्या नावात सौंदर्यही आहे आणि मरणही. १८३० च्या दशकात जर्मन औषधशास्त्रज्ञांनी यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, तेच अॅट्रोपिन. धोतरा, बेलाडोना, खुरासानी ओवा या सगळ्यांच्या पोटात ते किंवा त्याची भावंडं आहेत. हे सगळं गोत्र वांगी, मिरची, बटाटा, तंबाखूचंच.

अॅट्रोपिन करतं काय? ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या हृदयावर एक साधा प्रयोग केला. तो आपल्याला स्वप्नात सुचला, असं ते सांगत. त्यांनी दाखवलं, की मज्जातंतू अवयवाला जो निरोप देतो, तो एका रसायनातून देतो. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह लोवींना नोबेल मिळालं. लाळ सुटू दे, घाम येऊ दे, आतडं हलू दे, मूत्राशय आवळू दे, नाडी मंद होऊ दे, हे निरोप अॅसिटिलकोलीन पोचवतं. मेंदूत लक्ष आणि आठवण यांच्या कामातही त्याचा मोठा वाटा आहे. ते किल्ली आणि अवयव कुलूप असं समजा. अॅट्रोपिन त्या कुलपात काडी मोडून ठेवतं. मग किल्ली आत जात नाही. अशा औषधांना डॉक्टर अँटिकोलिनर्जिक म्हणतात. नाव जड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कुठे किती काडी घालायची हे कळलं, की हेच विष अमृत होतं. डोळ्याच्या तपासणीत बाहुली मोठी करायला ते लागतं. हृदयाचे ठोके धोकादायक इतके मंद झाले, तर अॅट्रोपिनची सुई जीव वाचवते. दम्यासाठी धोतऱ्याची पानं ओढण्याची आपली पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासहून ब्रिटनला गेली आणि तिच्या सिगारेटी झाल्या. त्या मागे पडल्यावर १९७० च्या दशकात इप्राट्रोपियम आलं. आज सिगारेटने फुफ्फुसं खराब झालेली माणसं जो पंप ओढतात, त्यांतल्या कित्येकांत याच गोत्राचं औषध असतं. पोटात मुरडा आला, लघवी आवरेना, गाडी लागली, हात कापायला लागले, तर याच कुळातली औषधं आहेत.

८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते आमच्या गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांचं शहर वसलं. त्याच १९४९ साली अमेरिकेत कंपवातासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी आली. तिच्या आधी, १९४६ मध्ये, डायफेनहायड्रामिन हे अॅलर्जीचं औषध आलं होतं. पुढे पोटदुखीसाठी डायसायक्लोमिन, १९६० च्या दशकात उदासीवर आणि मग नसांच्या दुखण्यावरही अॅमिट्रिप्टिलिन, १९७० च्या दशकात लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन. धोतऱ्याला आता झुडूप लागेना. तो कारखान्यात तयार होऊन चकचकीत पट्टीत बसला. यांतली काही औषधं मुळात दुसऱ्याच कामासाठी बनली; पण जाता जाता त्याच कुलपात काडी घालतात. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून भाऊबंदकी ओळखू येत नाही.

औषध एकच, पण प्रसंग बदलला की त्याचं माप कसं बदलतं, याची दोन उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत. पिकावर मारायची ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं शरीरात गेली, की अॅसिटिलकोलीनचा पूर येतो. तोंडाला फेस, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, पाण्याने भरलेली छाती. तिथे अॅट्रोपिन हाच उतारा. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर दर काही मिनिटांनी सुई देत, छाती कोरडी होईपर्यंत रात्रभर खाटेजवळ बसतात. असे किती शेतकरी त्यांनी परत आणले असतील! पण २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा वेगळीच अडचण होती. फवारणीत अनेक औषधं एकत्र मिसळलेली. अॅट्रोपिन सगळ्याच विषांवर चालत नाही; कोणतं विष ते कळल्याशिवाय उतारा सापडत नाही.

दुसरी गोष्ट महाडची. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट पोरं दगावायची. डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७० च्या दशकात रायगडच्या खेड्यांत हे रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले. चावल्यावर सुरुवातीला घाम फुटतो, लाळ गळते, उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटावं, इथेही अॅट्रोपिन द्यावं. पण विंचवाचं विष पुढे रक्तदाब आणि हृदय यांवर वादळासारखं तुटून पडतं, आणि अॅट्रोपिन त्या वादळात भरच घालतं. बावस्करांचं निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यवतमाळात जी सुई तारते, ती महाडात घात करू शकते. म्हणून औषधापेक्षा आधी समोरचा माणूस नीट पाहावा लागतो.

आणि मी माझ्या घरातला माणूस पाहिला नव्हता.

अम्मी तेव्हा शहात्तर वर्षांची. दोन महिने ती सारखं पाणी मागत होती. आम्ही म्हणालो, उन्हाळा आहे. पोट साफ होत नव्हतं. म्हणालो, वय आहे. कुराण शरीफ वाचताना अक्षरं पुसट दिसतात म्हणाली. म्हणालो, चष्मा बदलू. त्या रात्री तिचं कपाळ तापलं होतं, कोरडं ठणठणीत. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात आम्ही सगळे घामाने निथळत असताना तिच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. मोबाइलच्या उजेडातही तिचे डोळे काळेभोर, टपोरे दिसत होते. बी. ए. ला माझा इतिहास विषय होता. ओर्ता वाचला होता, ठगांच्या गोष्टी वाचल्या होत्या. सगळी लक्षणं समोर असून मला दिसली ती फक्त कविता.

शेजारची एक बाई म्हणाली, नजर लागली. कोणी तावीज आणून दिला. एकाने सांगितलं, हे विसराळूपण आता वाढतच जाणार, मनाची तयारी ठेवा. पंधराव्या दिवशी लघवी पूर्ण तुंबली, तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आधी नळी घालून लघवी मोकळी केली, साखर तपासली, जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "काका, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. अर्ध्या संपलेल्या, चुरगळलेल्यासुद्धा."

फ्रिजवर एक प्लास्टिकची पिशवी होती. ती मी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. लघवी आवरण्यासाठी एकाने दिलेली गोळी. पायांच्या आगीसाठी दुसऱ्याने दिलेली. पोटातल्या मुरड्यासाठी तिसऱ्याची. आणि झोप येत नाही म्हणून मीच औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय आणलेली सर्दी-अॅलर्जीच्या जातीची. डॉक्टरबाईंनी चार पट्ट्या बाजूला काढून ओळीने मांडल्या. "या चौघी एकाच घरच्या आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीने आपलं काम केलं. एकत्र येऊन आजींचं डोकं फिरवलं."

त्या चारही औषधांत खोट नव्हती. तिन्ही डॉक्टरांचं आपापल्या जागी बरोबर होतं. फक्त चौघींना एकत्र पाहणारं कोणी नव्हतं. म्हाताऱ्या शरीरात औषध लवकर निचरत नाही, मेंदूही लवकर गांगरतो. अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्येच, वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली; तिच्या सुधारित आवृत्त्यांत हे गोत्र ठळकपणे आहे. २०१५ मध्ये सिएटल भागातल्या सुमारे साडेतीन हजार ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं अशी औषधं जास्त घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अधिक दिसलं. औषधामुळेच तो होतो, हे त्याने सिद्ध झालं नाही. पण सावध व्हायला एवढं पुरे.

डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या लगेच थांबवल्या, एक हळूहळू कमी केली, चौथीच्या जागी वेगळ्या जातीची दिली. चौथ्या दिवशी सकाळी अम्मीने माझ्या बायकोला विचारलं, "आज वार कोणता गं?" शुक्रवार म्हटल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "मग हा अजून आंघोळ न करता का बसलाय?" त्या दिवशी घरी जाऊन मी कविता फाडली.

मित्रहो, यातून कोणी औषधांना घाबरावं असं माझं म्हणणं नाही. आपल्या मनाने गोळी बंद करणं हेही तितकंच धोक्याचं. मनोविकाराच्या औषधांबरोबर जी ट्रायहेक्सिफेनिडिल दिली जाते, ती कोणी ऐकीव माहितीवर अचानक सोडू नये. एवढंच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या पट्ट्या, दुकानातून स्वतः आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. काचबिंदू असेल, प्रोस्टेट वाढलेली असेल, तर आवर्जून सांगा. आणि चांगलं बोलणारं, चालणारं माणूस आठ-पंधरा दिवसांत बरळायला लागलं, तर 'वय झालं' म्हणण्याआधी विचारा, अलीकडे नवीन गोळी कोणती सुरू झाली?

अम्मी त्यानंतर दोन वर्षं आमच्यात होती. शेवटपर्यंत तिला आम्हा सगळ्यांची नावं आठवत होती. एकदा मी तिला नानांच्या डब्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "अब्बा कुलूप चोरांसाठी लावत नव्हते रे. चार प्रश्न विचारायला वेळ मिळावा म्हणून लावायचे."

नानांचं दुकान आता नाही. तो डबा मी जुन्नरहून आणला, रिकामाच. आमच्या घरातल्या सगळ्या गोळ्या आता त्यात असतात. किल्ली बायकोकडे आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)